नानांचं रुसलेलं घड्याळ

मृदंग जरा थांबवा बुवा. पेटी राहू द्या, हळू सूर धरून. हां! तर मंडळी, ऐका. आत्तापर्यंत आपण कर्ता कोण, करविता कोण, हे बोललो. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या खांबाला टेकलेल्या काकांनी तर डोळे मिटून डोलावली. झोपेत डोलावली का समजून डोलावली, ते पांडुरंगाला ठाऊक! आता माझा एक साधा प्रश्न. शास्त्रातला नाही, घरातला. तुमच्या घरात आपोआप काय काय होतं?

हसता काय? सांगा ना! सकाळी उठता, चहा आपोआप समोर येतो. आंघोळीला जाता, पाणी आपोआप तापलेलं असतं. सदऱ्याचं तुटलेलं बटण आपोआप लागतं. ताप आला, तर उशाशी पाण्याचा तांब्या आपोआप येऊन उभा राहतो! बघा, बायका कशा हसायला लागल्या! आणि पुरुषांच्या बाजूला एकदम शांतता! अहो, देवाच्या राज्यात झाडाचं पान आपोआप हलत नाही म्हणता, आणि तुमच्या घरात एवढं सगळं आपोआप होतं? मग त्याच्यामागचा हात ओळखायचा कधी? तो हात घरात असताना, का गेल्यावर? आजचा प्रश्न एवढाच. उत्तर मी देत नाही. उत्तर देतील सांगलीकडचे नाना खराडे.

कोण हे नाना? एस.टी. स्टँडवरचे कंट्रोलर! खाकी कपडे, तोंडात शिट्टी, आणि डाव्या मनगटावर — घड्याळ! गोल पांढरी तबकडी, बारीक काळे आकडे, बाजूला पितळी घुंडी. गाडी सुटायची ती नानांच्या मनगटाकडे बघून. ड्रायव्हर म्हणायचा, "नाना, दोन मिनिटं, तो म्हातारा धावत येतोय!" नाना म्हणायचे, "म्हाताऱ्याला उद्याची गाडी आहे!" असा माणूस! वाईट नाही हो, पण कडक. जवारीची शिळी भाकरी जशी.

आणि हे घड्याळ आलं कुठून? लग्नात! सासऱ्यांनी दिलं. मांडवात जावई रुसला नाही, म्हणून सासरा एवढा खूश, की पेठेतून घड्याळ आणून स्वतःच्या हातानं बांधलं. तेव्हापासून ते नानांच्या हातावर. लोक विचारायचे, "नाना, एवढं जुनं घड्याळ, बंद कसं पडत नाही हो?" नानांची मान ताठ! "बंद? माझं घड्याळ? आपोआप चालतंय! कधी दुकान दाखवलं नाही त्याला!"

पण मंडळी, एक खोट होती. नानांची बायको हौसाबाई माहेरी गेली की घड्याळ बंद! अगदी नेमानं! आज ती गेली, की उद्या-परवा काटे उभे. नाना घुंडी ओढून काटे फिरवून बघायचे, हलवून बघायचे, कानाशी धरायचे. छे! मग तिच्या माहेरच्या रस्त्यानं जाणाऱ्या ड्रायव्हरला हाक. "ए, वहिनीला निरोप दे. म्हणावं, घड्याळ बंद पडलंय. लवकर या." ड्रायव्हर गालात हसायचे. त्यांना वाटायचं, बायकोला बोलवायची ही नानांची तऱ्हा आहे, थट्टा आहे. पण नाना थट्टा करत नव्हते हो! त्यांचा पक्का विश्वास होता. हौसाबाई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं हजर. आणि त्याच्या पुढच्या सकाळी घड्याळ चालू! नाना म्हणायचे, "तुझ्या बापाचं घड्याळ, तुझ्यासाठीच रुसतंय!" हौसाबाई तोंडाला पदर लावायच्या. 

एवढ्या वर्षांच्या संसारात "तुझ्यावाचून मला करमत नाही" असं एक वाक्य नानांच्या तोंडून निघालं का? नाव काढू नका! "घड्याळ बंद पडलंय." संपलं!

पुढं नाना निवृत्त झाले. लेक रंजना इचलकरंजीला सासरी. घरात दोघंच. आणि एका वैशाखात हौसाबाई गेल्या. फार दुखणं नाही, फार निरोप नाही. सकाळी भाजी निवडता निवडता भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच.

आणि मंडळी, दुसऱ्या दिवशी घड्याळ थांबलं!

तेराव्याला सगळे पाहुणे जमले. तोवर नानांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बायका कुजबुजत होत्या, दगड आहे म्हणून. नानांनी मनगट पुढं केलं आणि म्हणाले, "ती गेली, आणि हे बघा, हेबी तिच्यामागं गेलं." एवढं बोलले आणि लहान पोरासारखे रडले! लोकांनी घड्याळाला हात जोडले हो! कुणी म्हणालं, काय जोडा होता. कुणी म्हणालं, निर्जीव वस्तूला कळतं ते माणसाला कळत नाही. रंजना कोपऱ्यात बसली होती. तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. का मिटलं, ते पुढं येईल.

घड्याळ हौसाबाईंच्या फोटोपुढं ठेवलं. रोज फूल. आणि नाना त्या घरात एकटे.

मंडळी, एकटं म्हणजे काय, हे एकटं झाल्याशिवाय कळत नाही. नाना भाताचं आधण ठेवायचे, आणि तांदूळ दोघांचे पडायचे. पेपर वाचता वाचता मोठ्यानं म्हणायचे, "अगं, ऐकलंस का, पाटलाचं पोरगं पास झालं!" आणि मग पेपर तोंडापुढं तसाच धरून बसायचे. बाहेरून आले की दारात उभे राहायचे, कडी वाजवायला हात वर जायचा, आणि आठवायचं — किल्ली आपल्याच खिशात आहे! सगळ्यांत वाईट काय होतं? आवाज नव्हता. भांडं आपटणारं कुणी नाही, खोकणारं कुणी नाही. नाना घरात चालले की स्वतःच्याच चपला ऐकू यायच्या.

वर्षश्राद्ध झालं. नानांनी घड्याळ उचललं आणि म्हणाले, "बाई गं, वर्ष झालं. सुतक फिटलं. आता तरी चाल. ह्या घरात काहीतरी चालू दे." नानांना तेवढंच हवं होतं. टिक-टिक! दुसरी वस्तीच नव्हती घराला!

स्टँडच्या भिंतीला लागून रझाकभाई मुल्ला बसायचे. काचेची पेटी, डोळ्याला भिंग, समोर चिमटे आणि वाटीत पेट्रोल. पंचक्रोशीची घड्याळं त्यांच्याकडं. नाना गेले.

"रझाक, हे चालू कर. पण जपून! लग्नातलं आहे."

रझाकभाईंनी मागचं झाकण काढलं, भिंग लावलं. "नाना, मशीन ठणठणीत आहे की! तेल तेवढं वाळलंय, कचरा बसलाय. सगळं खोलतो, धुतो, तेल देतो. पुन्हा जवान!"

एकेक चाक काढलं, पेट्रोलमध्ये धुतलं, ब्रशनं पुसलं, सुईच्या टोकानं तेल सोडलं. नाना समोर स्टुलावर बसून बघत होते, दवाखान्यात बसल्यासारखे. सगळं पुन्हा बसवलं, आणि घड्याळ चालायला लागलं! रझाकभाईंनी सहज विचारलं, "किल्ली देताय न्हवं रोज?"

"देतो की!" नाना म्हणाले. "रेडिओच्या बातम्यांना मिळवून देतो. कंट्रोलर होतो मी! तू मला घड्याळ शिकवतोस?"

मंडळी, ह्या "देतो की"मध्ये सगळी गोष्ट अडकलीय! रझाकभाईंनी ऐकलं "देतो," आणि पुढचं ऐकलंच नाही. आपलंही तसंच असतं. समोरचा "हो" म्हणाला की आपले कान बंद!

नाना घरी आले. घड्याळ कोनाड्यात ठेवलं, आणि घरात आवाज आला! नाना चहा करताना ऐकत होते, भाजी चिरताना ऐकत होते. वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी काटे उभे.

गेले परत. "रझाक, हे काय?" रझाकभाईंनी हातात घेतलं, घुंडी फिरवली — चालू! "नाना, चालतंय की!" घरी आणलं, पुन्हा उभं. परत गेले. रझाकभाईंनी पुन्हा खोललं, पुन्हा धुतलं. तरी तेच. शेवटी म्हणाले, "नाना, माझ्याकडं ठेवून जा. मी बघतो." आठवडाभर ठेवलं. त्यांच्या पेटीत घड्याळ न चुकता चाललं. म्हणाले, "माझ्याकडं चालतंय. तुमच्या घरातच थांबतंय. काय समजंना."

हे वाक्य नानांच्या काळजात गेलं. आपल्या घरात चालत नाही! म्हणजे हौसा अजून रुसलीय. आपण काय केलं तिचं? कधी बोललो का नीट? नाना फोटोपुढं बसले आणि म्हणाले, "आता किती रुसशील? मी कुणाकडं निरोप धाडू?" तिकडं गाडी जात नव्हती हो, मंडळी. निरोप द्यायचा कुणाजवळ?

पण दुःख आत मावलं नाही की माणूस काय करतो? दुसऱ्यावर ओततो! बाजाराचा दिवस. स्टँड माणसांनी फुललेला. नाना रझाकभाईंपुढं उभे राहिले आणि ओरडले, "रझाक! तुझा हात गेला! डोळे गेले! लोकांची घड्याळं मारायला बसलायस काय इथं?" सगळा बाजार ऐकत होता. कंट्रोलर खराडे बोलले म्हणजे खरंच असणार! रझाकभाईंनी मान वर केली नाही. दुसऱ्या बाजारापासून गिऱ्हाईक कमी झालं. लोक म्हणायचे, "म्हाताऱ्याला दिसत न्हाई आता." आणि वाईट असं, की रझाकभाईंनाच ते खरं वाटायला लागलं! चिमटा धरला की स्वतःच्या बोटांकडं बघायचे. हळूहळू नवीन घड्याळ हातात घेईनात. पट्टे विकायचे नुसते.

आली पंचमी. लेकींचा सण! रंजना माहेरी आली. आई नसलेलं माहेर, बायांनो, तुम्हाला सांगायला नको. दार तेच, उंबरा तोच, पण "आलीस गं" म्हणणारं कुणी नाही. तिनं पिशवी ठेवली, पदर खोचला, डबे पुसायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आंघोळीला गेले, आणि पंचा विसरले! तसेच ओल्या धोतरानं परत आले. बघतात तर रंजना कोनाड्यापाशी पाठमोरी उभी. डाव्या हातात घड्याळ. उजव्या हाताच्या दोन बोटांनी घुंडी फिरवतेय, हळू, मागं-पुढं. आणि घड्याळ बोलायला लागलं!

"काय करतीस?"

ती दचकली. "किल्ली देत होते, नाना. बंद होतं म्हणून."

"किल्ली? अगं, पण घुंडी ओढली नाहीस!"

"ओढायची कशाला? ओढली की काटे फिरतात. आत ठेवून फिरवली की स्प्रिंग भरते. रोज द्यावी लागते."

मंडळी, नाना काय करत होते जन्मभर? घुंडी ओढायची, काटे फिरवायचे, रेडिओशी वेळ मिळवायची — ह्यालाच नाना किल्ली समजत होते! खरी किल्ली ह्या माणसानं उभ्या आयुष्यात एकदा दिली नव्हती! ओल्या धोतरातून पाणी गळत होतं, आणि नाना विचारत होते, "मग... इतकी वर्षं कोण..."

"आई द्यायची की. रोज. तुम्ही आंघोळीला गेलात की पहिलं ते काम. तिच्या वडलांनी शिकवलं होतं तिला." रंजना घाबरली. "नाना, तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

"मला कधी बोलली नाही ती!"

"मी म्हणायची तिला, सांग की त्यांना, तू माहेरी गेलीस की बंद का पडतं ते. तर हसायची. म्हणायची..." रंजनानं घड्याळ कोनाड्यात ठेवलं. "म्हणायची, सांगितलं तर ते स्वतः किल्ली देतील. मग मला माहेराहून बोलवायला त्यांना कारण काय राहील?"

थांबा. कुणी टाळी वाजवू नका. अहो, हे वाक्य ऐका जरा! बाई माहेरी ओट्यावर बसून वाट बघत असेल हो! उद्या घड्याळ बंद पडेल. परवा निरोप येईल. आपली आठवण काढली, असं समजून घ्यायचं. नवऱ्याच्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून घड्याळाच्या तोंडून ऐकायचं! किती एकटी असेल ती त्या भरल्या घरात! नाना आता वर्षभर एकटे होते. हौसाबाई त्यांच्या शेजारी बसून जन्मभर एकट्या होत्या.

"तेराव्याला का बोलली नाहीस?" नानांनी विचारलं.

"आईसाठी तुम्ही पहिल्यांदा रडत होता, नाना. मी कशी मोडू?"

नाना दिवसभर ओसरीवर बसून राहिले. रंजना म्हणाली, "झालं ते झालं. गावाला सांगायची काय गरज? लोक किती चांगलं बोलतात तुमच्या दोघांबद्दल. राहू द्या तसंच." आणि मोह होता, मंडळी! खोटं नाही सांगत, मोठा मोह! त्या गोष्टीवर तर नाना वर्षभर जगले होते. बायको गेली आणि घड्याळ थांबलं! केवढं प्रेम! ती गोष्ट गेली की मागं काय उरतं? एक म्हातारा, ज्याला स्वतःच्या घड्याळाला किल्ली द्यायची कळत नाही. गाव हसेल. पण गोष्ट ठेवावी, तर रझाकचं काय? त्याच्या हाताला लागलेला डाग कुणी पुसायचा? एका बाजूला आपला मान आणि आपलं सांत्वन, दुसऱ्या बाजूला एका माणसाचे हात. तुम्ही काय केलं असतंत? मनातल्या मनात सांगा. मोठ्यानं नको, शेजारी ओळखीचे बसलेत!

बाजाराच्या दिवशी नाना गेले. रझाकभाई पट्टे टांगत होते. नाना पुढं उभे राहिले, घड्याळ त्यांच्या पेटीवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "रझाक, तुझी चूक नव्हती. किल्ली द्यायची राहत होती."

रझाकभाईंनी पट्टा खाली ठेवला. संतापले हो! मुलखाचा शांत माणूस, पण संतापला! "नाना, मला बोललात तवा सारा बाजार ऐकत होता. आता कानात सांगताय? जरा मोठ्यानं होऊ द्या!"

आणि नानांनी — ज्यांच्या शिट्टीनं स्टँड हलायचा त्या नानांनी — मोठ्यानं सांगितलं. "ऐका! रझाकचा हात गेला नाही. माझं घड्याळ कधी मेलं नव्हतं. त्याला किल्ली लागते, हे मला ठाऊक नव्हतं. माझी हौसा रोज द्यायची. मी कधी बघितलं नाही!"

एक पोरगा फिस्सकन हसला. भाजीवाल्यांपैकी दोघी-तिघी हसल्या. नाना उभेच राहिले. हसू द्या म्हणाले. मग आपोआप — नाही, चुकलो, आपोआप नाही — एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, आणि तिच्याकडं बघून बाकीचे गप्प झाले.

रझाकभाईंचा राग ओसरला. घड्याळ नानांच्या हातात देऊन म्हणाले, "द्या किल्ली. माझ्यासमोर." नानांची बोटं सवयीनं घुंडी ओढायला गेली. "ओढू नका. आत राहू द्या. हळू. बोटाला अडल्यासारखं झालं की थांबा."

नानांनी दिली. घड्याळ चाललं. त्या दिवसापासून ते एकदाही थांबलं नाही. नाना रोज सकाळी किल्ली देतात, आणि रोज त्यांच्या मनात एकच येतं. हौसे, माझ्या निरोपाची वाट बघण्यात तुझे किती दिवस गेले गं? मी नुसतं "ये" म्हणालो असतो, तर तू त्याच गाडीनं आली असतीस का? घरात टिक-टिक चालू असते. पण विचारायचं कुणाला? ऐकणारं माणूस राहिलं नाही.

तर मंडळी, आख्यान संपलं. आता आरती, आणि आरतीनंतर प्रसाद. वास सुटलाय ना शिऱ्याचा? मघापासून त्या पलीकडच्या काकांचं लक्ष माझ्याकडं कमी आणि तिकडं जास्त! मग सांगा, तो शिरा आपोआप झाला का? देवळाच्या मागं चुलीपाशी काही बाया बसल्यात. तुम्ही कथा ऐकत होतात, रडत होतात, तेव्हा त्या धुरात रवा भाजत होत्या. ह्या आख्यानातला एक शब्द त्यांच्या कानावर पडला नाही! आज त्यांना आधी पुढं बोलवा. पहिली आरती त्यांच्या हातची. आणि "अहो बाई" म्हणून नाही, नाव घेऊन बोलवा. दरवर्षी करतात म्हणता, मग नावं ठाऊक असतीलच.

सांगा ना, कोण कोण आहे मागं? नाव सांगा एक तरी.

पेटी बंद करा बुवा. मी थांबतो.